बेलिफ दारात आला तर कागद घ्या

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावरच्या एका खोलीत दुपारी दीडच्या सुमारास कोर्टाचा बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद घरोघर पोहोचवणारा कर्मचारी, आला. घरात सून एकटी होती. सासऱ्यांनी तिला आधीच बजावून ठेवलं होतं, "कोर्टाचं काही आलं तर हात लावायचा नाही." तिनं अर्धं दार उघडून सांगितलं, "घरी कोणी नाही, आम्ही काही घेत नाही," आणि कडी लावली. बेलिफ दहा मिनिटं गॅलरीत थांबला. मग शेजारच्या आजोबांना खोली कोणाची ते विचारलं, त्यांचं नाव आणि खोली नंबर लिहून घेतला, त्यांच्यासमोर कागदाची प्रत दारावर तोरणाच्या खाली चिकटवली आणि जिना उतरून गेला. संध्याकाळी सासरे कामावरून आले, त्यांनी तो कागद खरवडून काढला, उरलेली खळ ओल्या फडक्यानं पुसली, आणि घरात सगळ्यांना वाटलं की प्रकरण मिटलं. दोन वर्षांनी पुन्हा बेलिफ आला. तेव्हा त्याच्या हातात खोलीच्या ताब्याचं वॉरंट होतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढे बारा वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात कारकुनी केली. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाच्या, म्हणजे ज्याला सगळे स्मॉल कॉज म्हणतात त्या कोर्टाच्या, पायऱ्या रोज चढलो. त्या काळात हीच गोष्ट वेगवेगळ्या घरांत इतक्या वेळा घडलेली पाहिली की कोणी भाडेकरू कागद घेऊन आला की मी आधी एकच प्रश्न विचारायचो: हा तुम्ही घेतलात की दारावर सापडला?

मुंबईत घरोघरी एक समजूत पक्की बसली आहे. समन्स घेतलं, त्यावर सही केली, म्हणजे आपण काहीतरी कबूल केलं. तसं अजिबात नाही. समन्स म्हणजे "तुमच्याविरुद्ध दावा दाखल झाला आहे, अमुक तारखेला या आणि तुमचं म्हणणं मांडा" एवढाच निरोप. त्यावरच्या सहीचा अर्थ "मला कागद मिळाला" इतकाच. थकबाकी खरी की खोटी, मालकाला खोलीची गरज आहे की नाही, यातलं काहीही त्या सहीनं मान्य होत नाही. उलट कागद नाकारला तरी दावा पुढे सरकतोच. फरक इतकाच की तो तुमच्याशिवाय सरकतो.

आता कायदा. आधी आपण कुठल्या प्रकारचे भाडेकरू आहोत ते ओळखलं पाहिजे, कारण मुंबईत "भाड्यानं राहतो" या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक, पागडीची किंवा जुन्या भाड्याची खोली: चाळ, जुनी इमारत, आजोबांच्या नावची भाडेपावती. दोन, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला फ्लॅट, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. दोन्हींना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे आणि त्यानं १९४७ चा मुंबईचा जुना भाडे कायदा बाजूला सारला. पण पहिल्या प्रकारचं भांडण लघुवाद न्यायालयात चालतं, धोबी तलावला किंवा वांद्र्याच्या शाखेत. दुसऱ्या प्रकारात करार संपूनही घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. दोन्हीकडे कागद बजावायची रीत मिळतीजुळती आहे, मुदती मात्र फार वेगळ्या आहेत. आधी चाळीच्या खोलीचं बोलू.

भाडं थकलं म्हणून खोली खाली करून मागायची असेल तर मालकाला थेट कोर्टात जाता येत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार त्यानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, ती भाडेकरूला बजावली गेल्यावर ९० दिवस थांबायचं, आणि मगच दावा लावायचा. जुन्या कायद्यात हा अवधी एक महिन्याचा होता. तो वाढवून तिप्पट केला, हे भाडेकरूच्या बाजूचं मोठं पाऊल होतं. खेदाची गोष्ट ही की या ९० दिवसांचा उपयोग करणारी माणसं मला फार कमी भेटली, कारण बहुतेकांनी नोटीसच घेतलेली नसायची.

ही नोटीस कशी बजावायची ते भाडे कायदा स्वतः सांगत नाही. तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ कडे बोट दाखवतो. तिथे चार वाटा आहेत. टपालानं पाठवा. भाडेकरूच्या हातात द्या. त्याच्या घरी कुटुंबातल्या कोणाला किंवा नोकराला द्या. यातलं काहीच शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवा. यातला "नोकर" हा शब्द लक्षात ठेवा. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या हातात मालकाच्या माणसानं नोटिशीचं पाकीट दिलं आणि त्या ते फ्रिजवर ठेवून विसरल्या, तर नोटीस पोहोचलीच नाही हे म्हणणं फार अवघड जातं. घरात कामाला येणाऱ्यांना एवढं सांगून ठेवा: पाकीट आलं तर घ्या, आणि घेतल्याबरोबर फोन करून सांगा.

टपालाच्या पाकिटाचं तर वेगळंच आहे. पत्ता बरोबर असेल, तिकिटं लावलेली असतील आणि ते रजिस्टरनं पाठवलेलं असेल, तर ते योग्य वेळी पोहोचलं असं कायदा धरून चालतो. पोहोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी मग तुमच्यावर येते. पोस्टमन पाकिटावर शेरा मारतो: घेण्यास नकार, दार बंद, सूचना दिली, मुदतीत नेले नाही. "घेण्यास नकार" या शेऱ्याचं पाकीट कोर्टात बहुतेक वेळा बजावलेलंच समजलं जातं. "सूचना दिली" म्हणजे पोस्टमन दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकून गेला की पोस्टात येऊन पाकीट घेऊन जा. ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली तरी पाकिटावरचा शेरा तसाच राहतो. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. त्यामुळे आता अशी पाकिटं स्पीड पोस्टच्या वेष्टनात येतात आणि लोकांना ती बँकेची किंवा विम्याची वाटतात. पाठवणाऱ्याच्या जागी वकिलाचं नाव दिसलं तर पाकीट घ्याच.

नोटीस मिळाली, थकबाकी खरी आहे, तर ९० दिवसांत भाडं देऊन टाकायचं आणि पावती घ्यायची. मालक किंवा त्याचा मेहताजी, म्हणजे भाडं गोळा करणारा कारकून, पैसे घेत नसेल तर मनीऑर्डर करा, चेक स्पीड पोस्टनं पाठवा, बँकेतून भरा, काहीही करा, पण मागे लेखी खूण राहील असं करा. परत आलेली मनीऑर्डरही पुरावा असते. "मी द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतलं नाही" हे तोंडी वाक्य मी कोर्टात शेकडो वेळा ऐकलं, आणि त्याच्या पाठीशी कागद नसल्यामुळे ते पडताना पाहिलं.

९० दिवस उलटले की दावा लागतो आणि मग समन्स येतं. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी खोली हवी आहे, तुम्ही पोटभाडेकरू ठेवला, परवानगी न घेता कायमचं बांधकाम केलं, अशा इतर कारणांसाठी दावा असेल तर मात्र कलम १५ ची ही नोटीस लागत नाही. तिथे समन्स हाच तुमच्या हातात येणारा पहिला कागद असू शकतो.

समन्स बजावायचे नियम राज्याच्या भाडे कायद्यातले नाहीत. ते देशभर चालणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ मध्ये आहेत. वकिलांच्या ऑफिसात नवा मुलगा लागला की त्याला हीच ऑर्डर आधी वाचायला देतात. तिचा सांगाडा साधा आहे. शक्यतो समन्स प्रतिवादीच्या, म्हणजे तुमच्या, हातात द्यायचं. तुम्ही घरी नसाल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर तुमच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाला द्यायचं. ते माणूस पुरुष असो की बाई, कायद्यात फरक नाही. म्हणजे आई, बायको, नवरा, अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी, कोणीही. आणि इथे मघाच्या नोटिशीपेक्षा एक मोठा फरक आहे. नोकर हा कुटुंबातला माणूस नाही, असं ऑर्डर ५ च्या नियम १५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. मालकाची नोटीस कामवाल्या बाईंना देऊन चालते, कोर्टाचं समन्स देऊन चालत नाही. अनेक वर्षं कोर्टात वावरलेले लोकही या दोन गोष्टींची गल्लत करतात.

नवरा फक्त ऑफिसला गेला आहे, सातला येणार आहे, आणि बेलिफानं अकराला समन्स बायकोच्या हातात दिलं, तर ते नियमात बसतं का? काटेकोरपणे पाहिलं तर यावर वाद घालता येतो, कारण नवरा वाजवी वेळात सापडणार होताच. पण या वादाच्या भरवशावर कोणी घरी बसू नये. बायकोनं घेतलं त्याच दिवसापासून मुदत सुरू झाली असं धरा.

कोणी घ्यायला तयार नसेल किंवा नीट शोध घेऊनही कोणी भेटलं नाही, तर नियम १७ प्रमाणे बेलिफ समन्सची प्रत बाहेरच्या दारावर किंवा घराच्या ठळक जागी चिकटवतो. मूळ समन्सच्या पाठीमागे तो अहवाल लिहितो. मी असे अहवाल हजारांनी वाचले आहेत. निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात: तारीख, वेळ, खोली कोणी दाखवली त्याचं नाव आणि पत्ता, कोणासमोर चिकटवलं, आणि कोण काय बोललं. "सुनेने दार उघडले, कागद घेण्यास नकार दिला, दार लावून घेतले." आमच्या चाळीतल्या त्या दुपारचं वर्णन नेमकं याच तीन वाक्यांत कोर्टाच्या फाइलमध्ये बसलं होतं. न्यायाधीशांना एवढं पुरेसं वाटलं की समन्स रीतसर बजावलं असं जाहीर होतं आणि दावा एकतर्फी, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत, चालायला मोकळा होतो. आणि हो, चिकटवलेलं समन्स फाडून काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०७ खाली गुन्हा आहे.

याखेरीज कोर्ट टपालानं, कुरियरनंही समन्स पाठवतं. नीट पत्ता लिहून रजिस्टरनं पाठवलेलं पाकीट गेलं आणि पोचपावती ३० दिवसांत परत आलीच नाही, तरी समन्स बजावलं असं कोर्ट जाहीर करू शकतं. आणि माणूस मुद्दाम टाळतो आहे अशी कोर्टाची खात्री पटली तर नियम २० खाली वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून येते, तुम्ही शेवटचे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. आतल्या पानावर, बारीक टायपात, जाहिरातींच्या गर्दीत. ती कोणी वाचत नाही. कायद्याच्या दृष्टीनं तरी ती तुम्हाला दिलेली असते.

बेलिफ आला तर घाबरायचं काही कारण नाही. त्याचं ओळखपत्र पाहा. समन्सवर कोर्टाचा शिक्का आणि सही आहे का ते पाहा. त्याला पैसे द्यायचे नसतात, बजावणीची फी मालकानं आधीच कोर्टात भरलेली असते. सही करताना खाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहा. मग सर्वात महत्त्वाचं: समन्ससोबत दाव्याची प्रत, म्हणजे वादपत्र, जोडलेलं असायला हवं. ऑर्डर ५ च्या नियम २ मध्ये तसं सांगितलं आहे. नसेल तर सही करतानाच "दाव्याची प्रत मिळाली नाही" असं मराठीत लिहा. एवढी एक ओळ पुढे किती कामी येते ते मी पाहिलं आहे. समन्सचा मोबाइलवर फोटो काढा आणि पाकीटही जपून ठेवा, कारण त्यावरच्या तारखांवरून मुदत मोजायची असते.

मुदती दोन आहेत आणि त्या एकाच वेळी चालतात. पहिली कैफियतीची. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, द्यायची. कोर्टानं कारणं लिहून मुदत वाढवली तर ती ९० दिवसांपर्यंत जाते. दुसरी मुदत फक्त थकबाकीच्या दाव्यात असते आणि ती तुमच्या हिताची आहे. कलम १५ च्या पोटकलम ३ मध्ये म्हटलं आहे की समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूनं तोवर देय झालेलं सगळं भाडं आणि कायद्यानं मान्य असलेली वाढ १५ टक्के सरळव्याजासह दिली किंवा कोर्टात भरली, त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत नियमित भरत राहिला, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून खोली खाली करण्याचा हुकूमनामा होणार नाही. म्हणजे नोटिशीनंतरचे ९० दिवस हातचे गेले तरी कायदा आणखी ९० दिवस देतो. हे दुसरे ९० दिवस तुम्ही समन्स नाकारलंत तरी निघून जातात.

हे एका खोलीपुरतं आकड्यांत मांडतो. परळच्या एका मावशींचं भाडं महिना ४०० रुपये. नवरा वारल्यावर मेहताजी भाडं घ्यायला यायचा थांबला आणि अठरा महिने उलटले. नोटीस आली ती त्यांनी पोस्टातून सोडवली नाही. मग समन्स आलं, ते मुलीनं घेतलं, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी त्या पाकीट पिशवीत घालून आमच्या ऑफिसात आल्या. रडायच्या बेतात होत्या. "आता खोली जाणार ना?" हेच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आम्ही कागद पुढे ओढून हिशेब केला. ४०० गुणिले १८, म्हणजे ७,२०० रुपये मुद्दल. १५ टक्के सरळव्याज म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. ४०० रुपयांवर महिन्याचे ५ रुपये. सर्वात जुनं भाडं १७ महिने थकलेलं, त्याच्या पुढचं १६, मग १५, असं शेवटच्या महिन्यापर्यंत. सगळे मिळून १५३ महिने, गुणिले ५, म्हणजे ७६५ रुपये व्याज. एकूण ७,९६५. त्यात कराचा वाटा आणि मान्य वाढ मिळवून थोडी अधिकच रक्कम कोर्टात भरली, कारण काही रुपये कमी पडून सगळी खटपट वाया जाण्यापेक्षा चार पैसे जास्त गेलेले बरे. मावशींनी आकडा दोनदा विचारून घेतला. त्यांना लाखांत काहीतरी असेल असं वाटत होतं.

त्यांच्याकडून एकच गोष्ट आम्ही वारंवार वदवून घेतली: आता निकाल लागेपर्यंत दर महिन्याला भाडं भरायचं, एकही महिना चुकवायचा नाही. कायद्यात "नियमित" असा शब्द आहे आणि कोर्ट तो गांभीर्यानं घेतं. दावा तीन वर्षं चालला. मावशींनी प्रत्येक चलन एका प्लास्टिकच्या डब्यात, वर्षाप्रमाणे रबरबँड लावून ठेवलं होतं. साक्षीच्या दिवशी तो डबा त्यांनी वकिलांच्या टेबलावर ठेवला. खोली आजही त्यांच्याकडे आहे.

दिवस मोजताना एक चूक हमखास होते. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हे. १० जूनला समन्स मिळालं तर लोक १० सप्टेंबर धरून चालतात. मोजून पाहा: जूनचे २०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ८२, आणि नव्वदावा दिवस येतो ८ सप्टेंबरला. नेमके गणपतीचे दिवस, निम्मी चाळ कोकणात. दोन दिवसांच्या चुकीनं या कलमाचं संरक्षण गेलेली घरं मला माहीत आहेत. दारावर चिकटवलेल्या समन्सच्या बाबतीत मुदत नक्की कधीपासून याबद्दल शंका असेल तर सर्वात आधीची तारीख धरा.

कोकणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. भाडे कायद्याच्या कलम १६ मध्ये खाली करण्याचं एक कारण असं आहे की भाडेकरूनं खोली दावा लावण्याआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापरलीच नाही. निवृत्त झालेली जोडपी गावी राहायला जातात, मुलं उपनगरात फ्लॅट घेतात आणि लालबागची खोली कुलूपबंद राहते. मग पोस्टमन "दार बंद" लिहितो, बेलिफ "खोलीस कुलूप, शेजारी सांगतात वर्षभर कोणी नाही" लिहितो. समन्स बजावलं जाऊ नये म्हणून तुम्ही दार बंद ठेवलंत, आणि तोच शेरा समोरचा वकील खोली वापरात नसल्याचा पुरावा म्हणून दाखवू लागतो. खोली सांभाळायची असेल तर कोणीतरी तिथे राहिलं पाहिजे, आणि शेजाऱ्याकडे तुमचा चालू मोबाइल नंबर पाहिजे.

जुन्या चाळींत आणखी एक गुंता असतो. भाडेपावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि समन्सही आजोबांच्या नावानं. बेलिफाला "ते वारले" एवढंच सांगून दार लावू नका. मृत्यूची तारीख सांगा, शक्य असेल तर दाखल्याची झेरॉक्स द्या, आणि तो शेरा नीट लिहितोय ना ते पाहा. मृत माणसाविरुद्ध लावलेला दावा टिकत नाही, पण मालकाला हे कळल्यावर तो वारसांविरुद्ध येणार हे नक्की. आणि वारस चार भाऊ असतील तर "नोटीस फक्त मोठ्या भावाला मिळाली, मला नाही" हे म्हणणं चालेलच असं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जागेबाबत १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संयुक्त भाडेकरूंपैकी एकाला दिलेली नोटीस पुरते. पुढे १९८९ मध्ये भाडेकरूच्या वारसांनाही हेच तत्त्व लावलं गेलं. तेव्हा भावाभावांत बोलणं नसलं तरी या एका बाबतीत बोला.

आता अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांबद्दल. इथे कायदा मालकाच्या बाजूनं खूप झुकलेला आहे आणि तरुण मंडळींना त्याची कल्पना नसते. कराराची मुदत संपली, घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकारी घर खाली करायला लावू शकतो, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. या कामी लेखी करारात जे नमूद आहे तेच निर्णायक पुरावा मानलं जातं. समन्सची रीत कलम ४३ मध्ये आहे. नेहमीच्या बजावणीबरोबरच पोचपावतीसह रजिस्टरनंही समन्स पाठवायचं, तेही तुम्ही प्रत्यक्ष राहता किंवा कामधंदा करता त्या पत्त्यावर. पोचपावतीवर तुमची सही आली, किंवा पोस्टमननं "घेण्यास नकार" लिहून पाकीट परत केलं, की समन्स बजावलं असं जाहीर करता येतं.

तिथून पुढे फक्त ३० दिवस. या ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. होय, आपली बाजू मांडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते. ती मागितली नाही तर मालकानं अर्जात जे लिहिलं ते तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं आणि घर खाली करण्याचा आदेश मालकाच्या पदरात पडतो. त्यावर अपील नाही, ९० दिवसांत पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश पुन्हा तपासून पाहण्याचा, अर्ज तेवढा करता येतो. मला हे कलम फार कठोर वाटतं. मालाडला राहून पुण्याला प्रोजेक्टवर गेलेली मुलगी महिनाभर खोलीवर आली नाही, तेवढ्यात सगळं संपलेलं असू शकतं. म्हणून करारात तुमचा कायमचा पत्ता आणि चालू ईमेल नीट लिहा, आणि घर सोडलं असेल तर चावी परत दिल्याचं मालकाकडून लिहून घ्या.

व्हॉट्सअॅपवर समन्स येतं का, हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. ऑर्डर ५ मध्ये फॅक्स आणि ईमेलची सोय आहे, आणि दिवाणी कामांत ईमेलनं कागद बजावण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे २०१७ चे वेगळे नियम आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका वसुलीच्या कामात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस समोरच्यानं उघडून पाहिली हे निळ्या खुणांवरून दिसलं, आणि ती बजावणी मान्य झाली. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानं ईमेलसोबत अशा मेसेंजर सेवांनाही वाट करून दिली. तेव्हा मेसेज आला तर तो उडवून लावू नका. मात्र फसवणूकही याच वाटेनं येते. खऱ्या समन्समध्ये कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, वादीचं नाव आणि तारीख असते, पैसे पाठवायची लिंक नसते. ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचं नाव किंवा दाव्याचा क्रमांक टाकून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं. चाळीच्या मालकाशी खटके उडत असतील तर महिन्यातून एकदा तिथे आपलं नाव शोधायची सवय ठेवा.

आणि ज्यांच्याबाबतीत एकतर्फी हुकूमनामा होऊनच गेला आहे, त्यांच्यासाठी ऑर्डर ९ चा नियम १३ आहे. समन्स रीतसर बजावलं नव्हतं, किंवा हजर न राहण्यामागे पुरेसं कारण होतं, हे दाखवलं तर हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा सुरू होतो. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनाम्याबद्दल कळल्या दिवसापासून ३० दिवस. इथे बेलिफाचा समन्सच्या पाठीमागचा तो अहवाल कळीचा ठरतो. त्याची नक्कल काढा आणि ओळ न ओळ वाचा. वेळ लिहिली आहे का? खोली कोणी दाखवली त्याचं नाव आहे का? नकार दिल्याचं लिहिलंय, पण प्रत चिकटवल्याचं लिहिलंय का? २००२ मध्ये एका भाडेकरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या अशाच त्रुटी पाहून एकतर्फी निकाल बाजूला ठेवला. बजावणीत फक्त किरकोळ चूक असेल आणि भाडेकरूला तारीख माहीत असेल, तर निकाल रद्द होत नाही. पण त्यासाठी त्याला सुनावणीची तारीख माहीत असायला हवी, नुसता दावा चालू आहे एवढं माहीत असून भागत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे.

आमच्या चाळीतल्या त्या कुटुंबाच्या कागदात अशी एकही त्रुटी नव्हती. वेळ होती, शेजारच्या आजोबांचं नाव होतं, चिकटवल्याचा उल्लेख होता. वकिलांनी अहवाल दोनदा वाचून खाली ठेवला. वादपत्रात लिहिलेली थकबाकी होती ११ महिन्यांची.

वकील परवडत नाही म्हणून समन्स तसंच कपाटात ठेवणारे खूप आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तो उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो, त्यामुळे समन्स घरातल्या बाईंच्या नावावर असेल तर त्यांनी स्वतः अर्ज करावा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर १५१०० आहे. जाताना समन्स, पाकीट, दाव्याची प्रत, जुन्या भाडेपावत्या आणि लाइट बिल सोबत न्या, आणि समन्स कोणत्या दिवशी मिळालं ते पाकिटावर पेनानं लिहून ठेवा.